संक्रांतीची तीन मापं

दत्तात्रय धारूरकर यांनी कुकटपल्लीच्या त्या इमारतीच्या गच्चीवर तीन दिवस माप घेतलं. तेरा, चौदा आणि पंधरा जानेवारी. वेळ रोज एकच, सकाळी पावणेआठ ते सव्वाआठ. वीस मीटर तांब्याची तार त्यांनी पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या कठड्यापर्यंत ताणली, खाली रेडिओ सेट ठेवला, त्याला स्वतःची बॅटरी जोडली आणि काट्याकडे बघत बसले.

त्यांची मुलगी हर्षदा शाल गुंडाळून टाकीला टेकली होती. ऑफिसला सुट्टी होती म्हणून तीच त्यांना शहरातल्याच हिमायतनगरहून, त्यांच्या घरून, गाडीने आणत होती.

"किती आहे बाबा?"

"दोन."

"दोन म्हणजे चांगलं ना?"

"आपल्या घरी तीन आहे."

"मग झालं की. हे घर पास."

"तीन दिवस म्हटलंय. आज दुसराच आहे."

"मुलगी बघायलासुद्धा लोक एकदाच जातात हो," हर्षदा म्हणाली. "आणि काय मस्त रस्ते आहेत सकाळचे! पंचवीस मिनिटांत आलो. रोज असं असेल तर मी आईकडे दिवसातून दोनदा येईन."

दत्तात्रयांनी वहीत लिहिलं: १४ जानेवारी, सकाळी ८.०५, काटा २. पंचवीस मिनिटांची गोष्ट त्यांनी ऐकली, पण लिहिली नाही.

ते चौऱ्याहत्तर वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. हौशी रेडिओचा परवाना त्यांच्याकडे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापासून आहे. घर बघताना लोक पाणी बघतात, उजेड बघतात. त्यांना आणखी एक गोष्ट बघावी लागायची. कानाला शांत वाटणारी जागा रेडिओला शांत असेलच असं नसतं. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर, यांतली प्रत्येक वस्तू हवेत थोडा गोंगाट सोडते. माणसाला तो ऐकू येत नाही. रेडिओला येतो, आणि दुरून येणारा बारीक आवाज त्याखाली बुडतो. किती गोंगाट आहे ते सेटवरचा काटा एक ते नऊ या आकड्यांत दाखवतो.

त्यांना हवा असलेला बारीक आवाज त्याच काट्यावर चारचा होता. तो उदगीरहून यायचा, रोज सकाळी आठ वाजता.

उदगीरला एकनाथराव होते. वय एकोणऐंशी, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. दत्तात्रय त्यांना मास्तर म्हणत. दोघांची ओळख रेडिओवरच झाली, एकोणीसशे शहाऐंशी साली, आणि तेव्हापासून आठची वेळ ठरलेली होती. आवाजात बोलणं नाही, मोर्समध्ये. छोटा सूर, लांब सूर. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. मास्तरांचा सेट घरी बनवलेला, पाच वॅटचा, एका लहान बल्बइतक्या ताकदीचा.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळ्यांना एकाच्या दोन गोष्टी दिसू लागल्या, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेला अक्षरांचा तक्ता निरुपयोगी ठरला. सुनेला, त्रिवेणीला, त्यांचं हवं-नको खुणांवरून कळे, त्यापुढचं कळत नसे. झटक्यानंतर सातव्या आठवड्यात मास्तरांनी डावा हात मोर्सच्या खटक्यावर ठेवला आणि सव्वादोनशे किलोमीटरवर दत्तात्रयांना ऐकू आलं: डोकं ठीक आहे. तेवढंच. मग त्यांनी सगळी बातमी विचारली.

तेव्हापासून मास्तर या जगात एकाच माणसाशी बोलत होते.

फोनवर हे जमवता येतं का, हे दोघांनी पाहिलं होतं. त्रिवेणीने मोबाइल सेटजवळ धरला. मोबाइलला माणसाचा आवाज तेवढा आवाज वाटतो. एकसुरी टूं ऐकली की तो तिला खरखर समजून पुसून टाकतो. पलीकडे काहीच पोचलं नाही.

तर घर बदलायचं कारण दत्तात्रयांची बायको. भारतीबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हिमायतनगरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अठ्ठावन्न पायऱ्या. ऑपरेशननंतर चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं, त्याला सात महिने झाले होते. सात महिन्यांत त्या खाली उतरल्या नव्हत्या. खिडकीतून भाजीवाल्याशी भांडायच्या, तेवढाच बाहेरच्या जगाशी संबंध.

"माझ्यासाठी घाई करू नका," त्या म्हणायच्या. "तुमच्या काट्याला जेव्हा पसंत पडेल तेव्हा. मी काय, आहेच इथे वरती."

काट्याने तीन घरं नापसंत केली होती. अफझलगंजजवळचं नऊ. नारायणगुड्याचं सात. एका ठिकाणी सहा होतं, पण तिथली लिफ्ट महिन्यातून दहा दिवस बंद असते असं शेजारच्या बाईनेच सांगितलं. हिमायतनगरच्या जुन्या इमारतीत सहा कुटुंबं होती आणि तिथले वाईट दिवे, वाईट चार्जर दत्तात्रयांनी वर्षानुवर्षं एकेक करून स्वतः बदलून दिले होते. म्हणून तिथे तीन होतं. तसं घर बाजारात तयार मिळत नाही, हे त्यांना माहीत होतं.

म्हणून कुकटपल्लीचा दोन बघून त्यांनी सेट बंद करून पुन्हा लावला, तार सोडवून पुन्हा ताणली, आणि तिसऱ्या दिवशीही दोनच आला तेव्हा होकार दिला.

ते नऊ फेब्रुवारीला राहायला गेले. हिमायतनगरचा फ्लॅट विकला, घेणारे चार दिवसांत आलेसुद्धा.

पहिल्या सकाळी हर्षदाने आईला चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टने खाली नेलं. इमारतीमागे लहानशी बाग होती. भारतीबाईंनी चपला काढून पाय गवतावर ठेवले आणि ऊन अंगावर आलं तरी वर येईनात. हर्षदाने वडिलांना फोन केला, "बाबा, खिडकीतून बघा, आईने तीन मैत्रिणी केल्या. एकीला मराठी येत नाही, हिला तेलुगू चार शब्द, पण दोघी सुनांबद्दल बोलतायत आणि हिला तर सूनच नाही!"

दत्तात्रय खिडकीशी गेले नाहीत. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती आणि काटा आठवर होता.

त्यांना वाटलं, तार नीट लागली नसेल. संध्याकाळी पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी साडेआठ. स्पीकरमधून एकसारखा घरघराट येत होता आणि मास्तरांचा चार त्याच्याखाली कुठे होता याचा पत्ता लागत नव्हता. दत्तात्रयांचा सेट शंभर वॅटचा, त्यांचं बोलणं उदगीरला स्वच्छ पोचत होतं. येणारं येत नव्हतं. इंटरनेटवरून इतरांच्या गावचे रेडिओ ऐकता येतात, तेही त्यांनी करून पाहिलं. पाच वॅट कुणापर्यंतच पोचत नव्हते.

छोटा सेट हातात घेऊन ते इमारतीत फिरले. लिफ्टजवळ काटा टोकाला जायचा. प्रत्येक मजल्यावरच्या दिव्यांखाली सात. जवळजवळ प्रत्येक दाराआड इन्व्हर्टर. सहाव्या दिवशी ते सोसायटीचे सेक्रेटरी रमणा राव यांच्याकडे वही घेऊन गेले आणि जानेवारीची तीन मापं दाखवली.

रमणा रावांनी वही डोळ्यांजवळ धरली. मग हसू आवरत म्हणाले, "सार, उस टाइम यहाँ कौन था? संक्रांतीकू पूरा कॉलनी खाली रहता. सब अपना-अपना ऊर जाते, गोदावरी साइड. मैं बी गया था. आपकू गच्ची का चाबी वाचमन दिया था ना?"

"हौ. वॉचमननेच दिली."

"एकसौ बीस फ्लॅट, सार. दस में बी लोगां नहीं होंगे. दो में से एक लिफ्ट बंद, कॉरिडॉर का लाइटां बंद. वो पीछे का कारखाने बी बंद. पंडुगा है ना, त्योहार!"

दत्तात्रयांनी वही मिटली. ते याच शहरात जन्मले होते. संक्रांतीला अर्धं शहर आंध्रातल्या आपल्या गावी जातं, बसस्टँडवर पाय ठेवायला जागा नसते, हे दर वर्षी वर्तमानपत्रात येतं आणि ते दर वर्षी वाचत. त्यांच्या स्वतःच्या घरची संक्रांत घरातच असायची, तिळगूळ आणि चार शेजारी. कुठे जायचं म्हणून नसायचंच. चाळीस वर्षं नेमकी मापं घेतलेल्या माणसाने रिकाम्या घरांचं माप घेतलं होतं.

सहा कुटुंबांचे दिवे बदलून देता येतात. एकशे वीस फ्लॅटांचे येत नाहीत.

त्या रात्री ते मास्तरांना खरं सांगणार होते. काय पाठवायचं ते त्यांनी कागदावर लिहिलंही: मास्तर, मला तुमचं काही ऐकू येत नाही. मग त्यांना त्रिवेणीचं एक वाक्य आठवलं. झटक्यानंतर ती म्हणाली होती, "काका, मामंजी दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतात. सकाळी साडेसातला तेवढे स्वतः उठून बसायचा प्रयत्न करतात."

सकाळी त्यांनी तो कागद पाठवला नाही. त्याऐवजी नेहमीचा अहवाल पाठवला. मोर्समध्ये आधी समोरच्याचं किती स्पष्ट, किती जोरात आणि किती शुद्ध सुरात येतंय ते तीन आकड्यांत सांगायची रीत आहे. बहुतेक लोक सौजन्य म्हणून सगळ्यांनाच पूर्ण गुण देतात. दत्तात्रयांनी ते कधी केलं नव्हतं, आणि मास्तर त्यावरून त्यांना कंजूष परीक्षक म्हणत. त्या सकाळी त्यांनी पाठवलं: पाच, चार, नऊ. छान येतंय. मग घरघराट ऐकत मास्तरांना लागेल तितका वेळ थांबले, घड्याळ लावून, सहा मिनिटं. मग पाठवलं: समजलं. इकडे ऊन वाढलंय. भारती रोज बागेत जाते.

असंच रोज चालू झालं.

भारतीबाईंच्या लक्षात यायला दहा दिवस लागले.

"हेडफोन कशाला लावता? आधी तर स्पीकरवर ऐकायचात. मला पण मास्तरांच्या टकटकीची सवय झाली होती."

"शेजाऱ्यांना त्रास नको."

"चाळीस वर्षांत शेजारी आज आठवले?"

भारतीबाई वॉकर टेकत जवळ आल्या, त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढला आणि एक बाजू स्वतःच्या कानाला लावली. बराच वेळ लावून ठेवली.

"अहो, यात मास्तर कुठायत?"

"आहेत. खाली."

"तुम्हाला ऐकू येतात?"

दत्तात्रयांनी घड्याळाकडे बघितलं. सहा मिनिटं होत आली होती. त्यांनी खटक्यावर हात ठेवला आणि पाठवलं: समजलं.

भारतीबाई शेजारच्या खुर्चीत बसल्या. "परत जाऊ या," त्या म्हणाल्या.

"तिथे आता दुसरी माणसं राहतात."

"मला खाली न्यायचं म्हणून हे झालं."

"तुझ्यामुळे नाही. माप माझं चुकलं."

त्या दिवशी त्या बागेत गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दत्तात्रयांनीच त्यांना नेलं आणि स्वतः बाकावर बसून राहिले, मैत्रिणींच्या गप्पा संपेपर्यंत.

गुढीपाडव्याला त्रिवेणीचा फोन आला. सणाचे नमस्कार झाले. गौतमला, तिच्या नवऱ्याला, पुण्याहून यायला सुट्टी मिळाली नव्हती.

"मास्तर कसे आहेत?"

"आहेत तसेच. सकाळी तुमचं ऐकतात. कधी कधी हसतात पण, काका. काय सांगता हो एवढं?"

"काही नाही. बाग, ऊन. ते काय वाजवतात त्यावर."

"मामंजी वाजवत नाहीत," त्रिवेणी म्हणाली. "पंधरा दिवस होत आले की. नुसतं ऐकतात. मला वाटलं तुमचं दोघांचं तसं ठरलंय."

दत्तात्रयांनी वही काढली. गेल्या पंधरा दिवसांच्याही प्रत्येक सकाळसमोर त्यांच्या अक्षरात पाच, चार, नऊ होतं. जो माणूस खटक्याला हातही लावत नव्हता, त्याला ते रोज छान येतंय म्हणून सांगत होते आणि तो ते ऐकत होता.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी हर्षदाने त्यांना गाडीने उदगीरला नेलं. भारतीबाईंजवळ रात्री आठपर्यंत बाई थांबणार होती. पहाटे पाचला निघाले, पावणेनऊला पोचले. मास्तर पलंगाला टेकून बसले होते. पूर्वीपेक्षा निम्मे झाले होते. सेट टेबलावर होता. दत्तात्रयांनी त्याची अँटेनाची तार काढली, म्हणजे खटका दाबला की नुसता सूर ऐकू येईल, आणि टेबल पलंगाशी ओढलं.

"मास्तर, चूक झाली," ते तोंडाने म्हणाले. "मला नऊ फेब्रुवारीपासून काही ऐकू आलं नाही. एक अक्षरही नाही."

मास्तरांचा डावा हात खटक्यावर आला. खूप हळू. सूर उमटला आणि दत्तात्रयांनी अक्षरं लिहून घेतली.

माहीत आहे.

"कधी कळलं?"

तुझं पाच चार नऊ सुरू झालं, त्याच्या चौथ्या दिवशी. मी विचारलं नाव काय तुझं. तू म्हणालास ऊन वाढलंय.

हर्षदा दाराशी उभी होती. बाबांनी लिहिलेलं तिने मागून वाचलं आणि ती हसली, मग स्वयंपाकघरात त्रिवेणीकडे गेली.

"मग पुढे तीन आठवडे वाजवत का होतात?"

सवय. मग हात दुखायला लागला.

"काय सांगत होतात तेव्हा?"

सुधाचं.

सुधाबाई म्हणजे मास्तरांची बायको. वारल्याला अकरा वर्षं झाली. चाळीस वर्षांच्या बोलण्यात मास्तरांनी तिचं नाव फार थोड्या वेळा घेतलं होतं. कुणी ऐकत नाही हे पक्कं कळल्यावर त्यांनी तीन आठवडे तिच्याबद्दल सांगितलं होतं.

"पुन्हा सांगा," दत्तात्रय म्हणाले. "आता ऐकू येतंय."

लांब आहे.

"असू दे."

मास्तरांनी सुरुवात केली. झटक्यापूर्वी त्यांचा वेग दत्तात्रयांपेक्षा चांगला होता. आता मिनिटाला तीन-चार शब्द होत होते, मधेच हात घसरे, मग तोच शब्द पहिल्यापासून. त्रिवेणीने जेवण आणलं, ते थांबले. मास्तरांना भरवायला अर्धा तास लागला. त्यानंतर झोप, त्यात दीड तास गेला. दत्तात्रय खुर्चीतून हलले नाहीत. अडीचला पुन्हा खटका वाजू लागला.

पावणेचारला हर्षदा आत आली. "बाबा, चारला निघायलाच पाहिजे. आठला बाई जाते, आई एकटी."

"पाच मिनिटं."

चारला ती पुन्हा आली आणि गाडीची किल्ली हातात घेऊन उभी राहिली. वहीची तीन पानं भरली होती. शेवटच्या ओळीत होतं: सुधा म्हणाली तुम्ही मला कधी. मास्तरांचा हात पुढच्या अक्षरासाठी खटक्यावर होता. दत्तात्रयांनी त्यावर आपला हात ठेवला.

"उरलेलं पुढच्या महिन्यात, मास्तर. दुसऱ्या रविवारी. नक्की."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. खटका वाजला नाही.

निघताना त्रिवेणी म्हणाली, "मी त्यांच्या हाताचा व्हिडिओ काढून पाठवत जाऊ का, काका?" तिने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही व्हिडिओत टेबल दिसत होतं, खटका दिसत होता आणि त्याशेजारी न हलणारा हात. फोन समोर धरला की मास्तर थांबायचे. दत्तात्रय मात्र सकाळी आठला पाठवत राहिले. आता ते आकडे देत नव्हते. आजही काही ऐकू येत नाही, एवढं आधी सांगायचे, मग बाकीचं.

दोन मेच्या दुपारी त्रिवेणीचा फोन आला. मास्तर पहाटे गेले होते. गौतम वाटेत होता.

दत्तात्रयांनी विचारायचं ते विचारलं, त्रास झाला का, डॉक्टर आले होते का. शेवटी म्हणाले, "काही सांगायचा प्रयत्न केला का त्यांनी?"

"हात हलत होता," त्रिवेणी म्हणाली. "चादरीवर, बोटाने. बराच वेळ, काका. मी हात धरून बसले होते. मला ते वाचता येत नाही."